सात माणसं, पाच शून्यं आणि पाकीट एकाच्याच खिशात

पत्र:

"नमस्कार ताई, मी सांगलीची, वय ३९, मला तू म्हणालात तरी चालेल. आम्ही पहिल्यांदाच परदेशात चाललोय, मे महिन्यात व्हिएतनाम, ८ दिवस. हनोई, हा लाँग बे आणि मग दा नांग, होई आन. आम्ही चौघं (मुलगा १३, मुलगी ८) आणि दीर, जाऊ नि त्यांची मुलगी असे सात जण. विमान, हॉटेल, नाश्ता, क्रूझ सगळं एजंटकडे भरून झालंय. वरखर्चाला म्हणजे दोन वेळचं जेवण, फिरणं, तिकिटं, शॉपिंग याला आम्ही चौघांचे ८० हजार बाजूला काढलेत. पण प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. हे म्हणतात हल्ली सगळीकडे यूपीआय चालतं. दीर म्हणतात फॉरेक्स कार्ड काढा. ह्यांचे विट्याचे एक मित्र गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात आहेत, ते म्हणाले डॉलर न्या आणि तिथं सोनाराकडे बदला. हिशोब ठेवायचं काम माझ्याकडे दिलंय पण पैसे सगळे ह्यांच्याकडे असणार. जावेबरोबर खर्चाची वाटणी कशी करायची, तोंडावर बोलायला लाज वाटते. सासूबाईंना आणि शेजारीपाजारी काय आणायचं? आणि एजंटने बिलात टीसीएस म्हणून वेगळी रक्कम लावलीय, ती फसवणूक तर नाही ना? एक गोंधळलेली."

उत्तर:

अगं, डॉलर-बिलर सगळं नंतर, आधी तुझ्या पत्रातलं ते वाक्य घेते, हिशोब माझ्याकडे पण पैसे ह्यांच्याकडे. हे निघायच्या आधीच मोडून काढ. कारण तिथे काय होणार ते मी तुला आत्ताच सांगते, मिस्टर टॅक्सीवाल्याला काहीतरी देणार, तू विचारणार किती दिले, ते म्हणणार "दिले असतील दीड-दोन लाख" (डोंग, तिथलं चलन), तुला ऐकूनच घाम फुटणार, आणि रात्री हॉटेलात वही उघडून बसलीस की निम्मा खर्च "इतर" या खात्यात जाणार. मग तिसऱ्या दिवशी वही बंद. शिवाय सात माणसांचे सगळे पैसे एका माणसाच्या मागच्या खिशात असले आणि ते पाकीट गर्दीत गेलं तर सातही जण रस्त्यावर, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिला नियम, जो हिशोब लिहिणार त्याच्या हातून रोजचे पैसे जाणार. रोज सकाळी त्या दिवसाचे पैसे तुझ्या पर्समध्ये, मिस्टरांच्या खिशात थोडे अडीअडचणीला, बाकीचे पासपोर्टबरोबर हॉटेलच्या तिजोरीत नाहीतर कपड्याच्या आतल्या पाऊचमध्ये. आणि तुझ्या स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या खात्याचं एक कार्ड तुझ्याजवळ हवंच. त्यांच्या कार्डाचं ॲड-ऑन कार्ड चालणार नाही का? चालेल गं, पण त्यांचं कार्ड ब्लॉक झालं की बऱ्याचदा तुझंही अडकतं, तेव्हा वेगळं खातं वेगळं कार्ड हेच बरं. मिस्टरांना राग आला तर सांग सदरवाल्या बाईंनी सांगितलंय.

आता यूपीआय. मिस्टरांचं अगदीच चूक नाहीये, सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका अशा काही देशांत आपलं यूपीआय काही ठिकाणी चालतं, पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटालासुद्धा २०२४ मध्ये सुरू झालं. पण व्हिएतनामला त्याच्या भरवशावर जाऊ नका. तिथे गोंधळ असा होतो की प्रत्येक टपरीवर, फळवालीच्या टोपलीवरसुद्धा क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो, अगदी आपल्या गणपती पेठेत असल्यासारखं वाटतं, आणि माणूस आपसूक फोन काढतो. तो क्यूआर त्यांच्या स्थानिक बँकांचा असतो, मुख्यतः तिथल्या बँकेत खातं असेल त्याच्या कामाचा. मागे लाईन लागलेली आणि तुम्ही स्कॅन करत बसलाय हे टाळायचं असेल तर यूपीआय मुंबई एअरपोर्टवरच विसरा.

फॉरेक्स कार्डाचं दीरांना नीट समजावून सांग, कारण इथे भलेभले फसतात. फॉरेक्स कार्ड वाईट नाही, अमेरिकेला किंवा युरोपला जाताना ते चांगलंच, कारण कार्डात डॉलर किंवा युरो भरायचे आणि तेच खर्च करायचे. पण आपल्याकडच्या बहुतेक कार्डांत व्हिएतनामी डोंग भरताच येत नाही. म्हणजे तुम्ही रुपये देऊन डॉलर भरणार, तिथे बँक आपलं मार्जिन कापणार, मग हनोईत कार्ड स्वाइप केलं की डॉलरचे डोंग होणार आणि तिथे क्रॉस करन्सीच्या नावाखाली परत काही टक्के जाणार. एकाच पैशाला दोनदा कात्री. त्यापेक्षा झीरो फॉरेक्स मार्कअपचं (म्हणजे परदेशी खर्चावर बँक जादा आकार लावत नाही असं) डेबिट किंवा क्रेडिट कार्ड मिळालं तर ते घ्या, आता बऱ्याच बँका देतात. साध्या क्रेडिट कार्डाला साधारण साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४.१३ टक्के लागतात, दहा हजारांच्या खर्चावर ४१३ रुपये. जिवावर येण्याइतकं नाही पण फुकट कशाला द्यायचे.

एक गोष्ट खास सांगलीकरांसाठी. आपल्याकडे निम्म्या घरांची खाती सहकारी बँकांत, पतसंस्थांत, आणि तिथलं रुपे डेबिट कार्ड बहुतेक वेळा फक्त देशातलंच असतं. ते तिकडे एटीएममध्ये घालून काही उपयोग नाही. कार्डावर इंटरनॅशनल किंवा ग्लोबल असं लिहिलंय का बघा, नाहीतर व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलेलं दुसऱ्या बँकेचं कार्ड काढायला आत्ताच टाका, घरी यायला वेळ लागतो.

आणि कार्ड इंटरनॅशनल असलं तरी ते चालू असेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर परदेशी वापर बंदच येतो, आपण ॲपमध्ये जाऊन सुरू करायचा. तिथे चार वेगवेगळी बटणं असतात, एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, टॅप करून पे, चारही बघ आणि लिमिट किती ठेवलंय तेही बघ, कधीकधी बटण चालू असतं आणि लिमिट शून्य. कार्डाचा पिन पाठ हवा. क्रेडिट कार्डाचा पिन आपल्याला आठवत नाही कारण इथे टॅप करून किंवा ओटीपीवर भागतं. आणि ओटीपीसाठी आपलं सिम फोनमध्ये जिवंत ठेवायचं, तिथलं सिम किंवा ई-सिम घेतलं तरी आपलं सिम काढून पर्समध्ये टाकायचं नाही, रोमिंगवर मेसेज येतील एवढं सुरू करून ठेव.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश मात्र काढू नका, कितीही अडलात तरी. कॅश ॲडव्हान्स फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून चालू. एटीएमला डेबिट कार्डच.

आता ज्या एका जागी लोक हसत हसत पैसे घालवतात ती सांगते, इथे जरा हळू वाच. हॉटेलचं काउंटर असो, मोठं दुकान असो नाहीतर एटीएम, मशीन भारतीय कार्ड ओळखतं आणि प्रेमाने विचारतं, रुपयात पैसे देणार का डोंगमध्ये? समोर सरळ रुपयांतला आकडा दिसतो, आपल्याला तो समजतो, बरं वाटतं, आपण रुपये दाबतो. तिथेच गेलो. तो रुपयाचा भाव त्या मशीनवाल्याने आपल्या मर्जीने लावलेला असतो, त्यात त्याचं कमिशन असतं. याला डीसीसी म्हणतात. कायम डोंग निवडायचं, डोळे झाकून. एटीएमवर तर अजून गंमत, तिथे स्क्रीनवर लिहून येतं की हा कन्व्हर्जनचा भाव मान्य आहे का, आणि खाली एक ॲक्सेप्ट आणि एक डिक्लाइन. लोक डिक्लाइन दाबायला घाबरतात, वाटतं पैसेच येणार नाहीत, कार्ड अडकेल. काही होत नाही. डिक्लाइन म्हणजे फक्त त्यांचा भाव नको, पैसे येतात, आपल्या बँकेच्या भावाने येतात. मिस्टरांना, दीरांना, जावेला तिघांनाही हे निघायच्या आधी घोकून घ्यायला लाव.

व्हिएतनाममध्ये छोट्या हॉटेलात, बाजारात, टपरीवर कॅशच लागते, म्हणून डॉलर न्यायचेच. तुमचे ८० हजार म्हणजे आजच्या भावाने नऊशे डॉलरच्या आतबाहेर. त्यातले सहाशेच्या आसपास कॅश डॉलर घ्या आणि बाकीचे खात्यातच राहू दे, कार्डाने लागतील तसे वापरा. नियमाने माणशी एका ट्रिपला तीन हजार डॉलरपर्यंत कॅश नेता येते त्यामुळे तो प्रश्नच नाही. डॉलर बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्या मनी चेंजरकडून घ्या, पासपोर्ट, पॅन, तिकीट, व्हिसा बरोबर ठेवा, पावती घ्या. दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारायचं की हातात पडेपर्यंत सगळं धरून एका डॉलरला किती रुपये? गुगलवर दिसतो तो भाव कोणीच देत नाही, पण त्याच्यावर रुपया-दीड रुपया आणि चार रुपये यात फरक आहे. एअरपोर्टच्या काउंटरवर घ्यायची वेळ आणू नका.

नोटा शंभराच्या आणि थोड्या पन्नासाच्या मागा, तिकडे मोठ्या नोटेला भाव बरा मिळतो, पाच-दहाच्या नोटेला कमी. आणि नोटा कोऱ्या बघून घ्या, घडीवर फाटलेली, पेनाने काहीतरी लिहिलेली, शिक्का मारलेली नोट ते सरळ परत करतात. सांगलीत काउंटरवर उभं राहून एकेक नोट उजेडात बघितलीस म्हणून कोणी काही म्हणत नाही.

विट्याच्या मित्रांचं म्हणणं, सोनाराकडे बदला. गलाईवाल्या माणसाला जगात कुठेही सोनाराचंच दुकान दिसणार! पण खरं सांगायचं तर त्यांचं ऐकीव ज्ञान बरोबर आहे, तिथे सोन्याच्या दुकानांत पैसे बदलून देतात, हनोईतली हा त्रुंग नावाची गल्ली त्यासाठीच ओळखली जाते आणि भाव बँकेपेक्षा थोडा चढाच असतो. फक्त कायद्याने लायसन्स असलेल्या जागीच बदलायला परवानगी आहे. २०१८ मध्ये कॅन थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने लायसन्स नसलेल्या सोनाराकडे फक्त शंभर डॉलर बदलले आणि त्याला ९ कोटी डोंग दंड लागला, म्हणजे तेव्हाचे आपले पावणेतीन लाखांच्या घरात. देशभर बोंबाबोंब झाल्यावर दंड माफ झाला, पण शंभर-दोनशे रुपयांच्या फायद्यासाठी आपण कशाला त्या वाटेला जायचं. हनोईत उतरल्यावर एअरपोर्टवरच्या बँक काउंटरला शंभर डॉलर बदला, टॅक्सी आणि रात्रीच्या जेवणाचं भागेल, बाकीचे शहरात बँकेत किंवा लायसन्सचा बोर्ड असलेल्या जागी. बँकेत पासपोर्ट लागतो, दुपारी जेवायच्या सुट्टीत बंद, रविवारी बंद. आणि सगळे सहाशे एकदम बदलू नका, दोन-दोनशे करत जा. उरलेले डॉलर घरी आणले तर पुढच्या वेळी कामाला येतात, नियमाने दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. उरलेले डोंग मात्र सांगलीत कोणी विचारणार नाही.

डोंगचा हिशोब बसायला एक दिवस जातो. साधारण एका रुपयाला तीनशे डोंग धर. तिथे पन्नास हजार लिहायचे तर ५०.००० असा मध्ये टिंब देतात, स्वल्पविराम नाही, ते बघून पन्नास पूर्णांक शून्य समजू नकोस. मेन्यू कार्डावर तर नुसतं ५० किंवा ५० आणि पुढे के, टॅक्सीच्या मीटरवर पण शेवटची शून्यं गायब. सोपी युक्ती, शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्याला तीनने गुणायचं आणि वर थोडं टाकायचं. कॉफी ४५ हजार, म्हणजे ४५ गुणिले ३, १३५, म्हणजे दीडशेच्या आसपास. बस, दर वेळी कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही.

नोटांचं मात्र लक्ष दे. २० हजारची नोट निळी आणि ५ लाखाची पण निळी. दोन्हींवर हो ची मिन्हच, प्लास्टिकची नोट, रात्री टॅक्सीतल्या अंधारात सारखीच दिसते. एक सत्तर रुपयांची आणि दुसरी सोळा-सतराशेची! या एका चुकीवर कितीतरी टॅक्सीवाल्यांची दिवाळी झाली असेल. ५ लाखाची आकाराने थोडी मोठी आहे पण घाईत ते कळत नाही. तेव्हा ५ लाखाच्या नोटा पर्सच्या वेगळ्या कप्प्यात, चेन लावून, आणि टॅक्सीत बसायच्या आधीच सुटे काढून हातात. २० हजारच्या मागे एक छत असलेला जुना पूल छापलाय, तोच पूल तुम्ही होई आनला बघणार आहात, मुलाला हे आधीच दाखव म्हणजे तो दर वेळी नोट उलटून पूल आहे का बघेल, १३ वर्षाच्या पोराला असली कामं आवडतात. देताना तोंडाने आकडा बोलून द्यायचं, समोरच्याने ऐकलं पाहिजे.

आता ८० हजारांची वाटणी. नाश्ता हॉटेलात आहे म्हणजे दोन जेवणं. चौघांना साध्या ठिकाणी दिवसाला सहा ते आठ लाख डोंग पुरतात, म्हणजे दोन ते अडीच-पावणेतीन हजार रुपये. फिरायला ग्रॅब, म्हणजे तिथलं टॅक्सी मागवायचं ॲप, त्यात भाडं आधी दिसतं त्यामुळे घासाघीस नाही, सात जणांना सात सीटर मागवा. पाणी, कॉफी, आईस्क्रीम, छोटी तिकिटं धरून दिवसाला चार हजार रुपये पकड, म्हणजे आठ दिवसांचे ३२ हजार. दा नांगला बा ना हिल्सची केबल कार, जिने वर गेलं की तो मोठ्या हातांनी धरलेला सोनेरी पूल लागतो, ती महाग, मोठ्या माणसाला नऊ-दहा लाख डोंग, चौघांचे १२ ते १३ हजार रुपये एका दिवसात जातील. तिथे तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं, एक मीटरच्या आत फुकट आणि एक ते एक पूर्णांक चार मीटर हाफ नाही पण कमी. तेव्हा घरीच दाराच्या चौकटीला उभं करून दोघांची उंची मोज, मुलगा १४० सेंटीमीटरच्या वर गेला असेल तर तो मोठा माणूस. होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट परदेशी माणसाला १ लाख २० हजार डोंग. क्रूझवर जेवण आहे पण पाण्याची बाटली, कोल्ड्रिंक, वेगळं बिल होतं, चढायच्या आधी बाहेरून पाणी घ्या, बाहेरचं चढवू देतात का ते एजंटला विचारून ठेव. त्याला आणि गाईड-ड्रायव्हरच्या टिपला पाच हजार. शॉपिंगला दहा ते बारा. म्हणजे ६० च्या पुढे गेलो, उरलेले सोळा ते एकोणीस हजार हात लावायचा नाही म्हणून. पोरगं आजारी पडलं, कोणाचा चष्मा फुटला, त्यासाठी. ट्रॅव्हल इन्शुरन्स एजंटने घातलाय का ते बघ, नसेल तर काढ, सातही जणांचा मिळून एका चांगल्या जेवणाच्या खर्चात होतो.

खर्च वाढतो तो बहुतेकदा जेवणात, आणि त्यातही इंडियन रेस्टॉरंटमध्ये. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणणारच, बास झालं, आता डाळ-रोटी पाहिजे. सात माणसं बसली की एका वेळी वीस-बावीस लाख डोंगचं बिल सहज. नको असं नाही म्हणत, आठ दिवसांत दोनदा ठरवून जा, पण रोज नको. शाकाहारी असाल तर तिथे चाय (chay, म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) लिहिलेल्या पाट्या शोध, कॉम चाय म्हणजे शुद्ध शाकाहारी भाताची थाळी, बौद्ध लोकांमुळे ती संस्कृती तिथे जुनी आहे, चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तर बरेच जण शाकाहारीच खातात. तीस ते पन्नास हजार डोंगमध्ये पोटभर, म्हणजे दीडशेच्या आसपास रुपयांत. मासे खात असाल तर मग काय, मजाच आहे, फक्त होई आन-दा नांगच्या किनाऱ्यावर जिवंत मासे टाकीतून निवडतात तिथे भाव किलोवर असतो, वजन करायच्या आधी किलोचा भाव आणि शिजवायचे किती ते विचारून कागदावर लिहून घ्यायचं.

हनोईच्या जुन्या भागात खांद्यावर कावड घेतलेली बाई हसत हसत कावड तुमच्या खांद्यावर देईल, टोपी घालेल, फोटो काढू देईल, आणि मग केळी नाहीतर तळलेले गोळे भलत्या भावात गळ्यात मारेल. जाऊबाई फोटोच्या नादात पहिल्या अडकतील बघ. हसून हात जोडायचे नि चालायला लागायचं. हा लाँगला जाताना बस वाटेत हस्तकलेच्या, मोत्यांच्या मोठ्या शोरूमला थांबते, तिथे बाथरूमला जा, पाय मोकळे करा, बाहेर या.

जावेबरोबरचं. तुला लाज वाटते म्हणून गप्प बसशील आणि परत आल्यावर दोन वर्षं मनात राहील, त्यापेक्षा आत्ता पाच मिनिटं बोल. तू एकटीने नको, चौघं मोठी एकत्र बसा. एक कॉमन पाकीट करा, वेगळ्या रंगाचं, दोन्ही घरांनी रोज सकाळी त्यात डोंग टाकायचे. मोठ्यांचा एक हिस्सा, मुलांचा अर्धा, म्हणजे तुमचे तीन आणि त्यांचे अडीच. हा हिशोब कागदावर मांडला की कोणाला काही वाटत नाही, उलट जाऊबाईंना पण हेच मनात असणार, त्याही गप्पच बसल्यात. त्यातून ग्रॅब, एकत्र जेवण, पाणी, टिप एवढंच. शॉपिंग, मसाज, आणि दीरांची बिअर ज्याची त्याने. हनोईत ता हियन गल्लीत ताजी बिअर पाण्याच्या भावात मिळते, त्यामुळे एकेक ग्लास काही नाही पण संध्याकाळी सहापासून मोजायला लागलीस तर आहे. कॉमन पाकीट एक दिवस तुझ्याकडे, एक दिवस जावेकडे, पुरुषांकडे नाहीच. कार्डाने कोणी एकत्र बिल भरलं तर स्प्लिटवाइज या खर्च वाटणीच्या ॲपमध्ये तिथल्या तिथे टाकायचं, रात्री आठवून नाही.

तारखा अजून हलवता येत असतील तर ३० एप्रिल ते १ मे टाळा, त्यांची मोठी सुट्टी असते, दा नांगला अख्खा देश उतरतो आणि सगळ्याचे भाव चढतात. बुकिंग झालंय म्हणतेस म्हणजे बहुतेक उशीर झालाय, मग त्या दोन दिवसांना जरा जास्त पैसे धर.

भेटवस्तू. शेजाऱ्यांना सगळ्यांना एकच, कॉफी. ती आणि तो छोटा फिल्टर, जो कपावर ठेवतात, दोन्ही मिळून स्वस्त पडतं आणि हलकं. बाजारात घेऊ नकोस, विनमार्टसारख्या सुपरमार्केटमध्ये किंमत छापलेली असते. काजू तिथे ढिगाने दिसतील, व्हिएतनाम काजूगर निर्यात करण्यात जगात पुढे आहे, पण वेंगुर्ल्याचा काजू दारात मिळत असताना बॅगेचं वजन त्यावर घालवू नका, स्वस्त विमानात वजन जास्त झालं की काउंटरवर काजूच्या दुप्पट पैसे जातात. होई आनचे घडीचे रेशमी कंदील मुलांना आवडतील, भाव करायचा, सांगितलेल्याच्या निम्म्यापासून सुरू करून मध्ये कुठेतरी या, हसत हसत, पण एकदा तू भाव बोललीस आणि तो हो म्हणाला तर मग घ्यायचंच, तिथून उठून जाणं वाईट दिसतं. सासूबाईंना काय हे मला काय विचारतेस, त्यांनाच विचार, "काही नको गं" म्हणाल्या तरी दुसऱ्यांदा विचार. आणि किती खर्च झाला विचारलं तर रुपयात सांग, डोंगमध्ये नको, अडीच कोटी ऐकून त्यांना उगाच चक्कर यायची.

राहिला टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून बिलातच गोळा केलेला टॅक्स. एजंट फसवत नाहीये. परदेशी टूर पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून हा टॅक्स गोळा करायचा नियम आहे, टक्केवारी बजेटमध्ये वरखाली होत असते, तुमच्या बुकिंगच्या दिवशी किती होती ते बिलावर असेल. हे पैसे गेले असं नाही, सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा होतात, तुमच्या टॅक्सच्या नोंदीत दिसतात, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळते होतात नाहीतर परत मिळतात. पण ज्याचं पॅन त्यालाच. म्हणून एजंटला आजच फोन करून विचार की बिलात पॅन कोणाचं टाकलंय, कारण रिटर्न भरतात मिस्टर आणि पॅन टाकलंय तुझं असं झालं तर नुसत्या त्या रकमेसाठी तुला रिटर्न भरावं लागेल, आणि दीरांचं पॅकेज पण मिस्टरांच्याच नावावर एकत्र बिल केलं असेल तर त्यांचा टीसीएस इकडे जमा होईल नि जाऊबाईंबरोबरचा हिशोब परत पहिल्यापासून. टीसीएसचं सर्टिफिकेट माग, आणि बिलं तिमाही उलटायच्या आत वेगळी करून घे, नंतर दुरुस्तीसाठी त्याच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात.